बादली भरताना ऐका: रोजच्या आवाजांतून दीड-दोन मिनिटांची रचना कशी करायची

रिकामी बादली नळाखाली ठेवा, नळ सोडा आणि डोळे मिटून ऐका. आधी तळावर थडथड वाजतं, मग दोन बोटं पाणी साठलं की तो कोरडा आवाज जातो आणि घळघळ सुरू होते, आणि त्या घळघळीच्या आतून एक सूर हळूहळू वर चढायला लागतो, इतका की बादली भरत आली हे आपल्याला दुसऱ्या खोलीत बसूनही कळतं आणि आपण नळ बंद करायला उठतो. पाणी वर येतं तशी बादलीतली हवेची जागा आखूड होत जाते आणि हवा जितकी आखूड तितका सूर उंच, बासरीवरची बोटं एकेक उचलत गेलं की होतं तेच हे. भांडं अरुंद आणि उंच असेल तर हा चढ आणखी स्पष्ट ऐकू येतो, बाटली भरून बघा.

मला या सगळ्या प्रकाराची गोडी लागली ती इथूनच. या आवाजाला सुरुवात आहे, चढ आहे, नळ बंद झाल्यावरची टप... टप... आहे, म्हणजे रचनेचा सांगाडा कुणीतरी आधीच करून ठेवलाय आणि आपल्याला फक्त तो नीट उचलायचाय. एकही वाद्य येत नसेल, सरगम लिहिता येत नसेल तरी चालेल. फोन, साधे वायरवाले हेडफोन आणि एक लॅपटॉप एवढं पुरतं. सॉफ्टवेअर म्हणाल तर ऑडॅसिटी फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि मी खाली जे सांगणारे ते सगळं त्यात होतं. दुसरं कुठलं वापरत असाल तर तेच वापरा, नावं थोडी इकडेतिकडे असतील.

थोडं मागचं सांगतो, कारण पुढे त्याचा थेट उपयोग आहे. १९४८ साली पॅरिसमध्ये रेडिओवर काम करणारे पिएर शेफर बातिन्योल स्टेशनवर गेले, रेल्वे इंजिनांचे आवाज रेकॉर्ड करून आणले आणि त्यातून तीनेक मिनिटांची रचना केली, ती ५ ऑक्टोबर १९४८ ला फ्रेंच रेडिओवरून ऐकवली गेली. त्याच्याही आधी, १९४४ मध्ये, कैरोत हलीम अल-दाब यांनी तारेवर रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर आवाज टिपून स्टुडिओत त्याच्यावर काम केलं होतं. शेफर तेव्हा तबकड्यांवर काम करत होते, आणि त्या तबकड्यांनी त्यांना दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे तबकडीची खाच स्वतःलाच जोडली गेली की सुई तिथेच गोल फिरत राहते आणि तोच तुकडा परत परत वाजतो, आज आपण ज्याला लूप म्हणतो ते. दुसरी मला जास्त मोलाची वाटते: घंटेच्या आवाजातून सुरुवातीचा ठोका कापून टाकला तर जो नाद उरतो तो घंटेचा वाटतच नाही, एखाद्या फुंकून वाजवायच्या वाद्याचा वाटतो. म्हणजे आवाज कशाचा आहे हे आपला कान बऱ्याच वेळा त्याच्या पहिल्या क्षणावरून ठरवतो. हे लक्षात ठेवा, पुढे कापाकापी करताना लागेल.

आधी फक्त ऐका, फोन लांब ठेवा

पहिल्या दिवशी रेकॉर्डिंग करायचं नाही. पंधरा मिनिटं घरात कुठेही बसा, वही-पेन घ्या आणि जे ऐकू येईल ते लिहा. वस्तूचं नाव लिहू नका, आवाजाचं नाव लिहा. इथे मराठी लिहिणाऱ्यांची चंगळ आहे खरं तर, आपल्याकडे आवाजांचे शब्द ढिगाने पडलेत: करकर, कुरकुर, किरकिर हे तीन वेगळे आवाज आहेत आणि कुठलं दार कुठला करतं हे लहान मूलही सांगेल. खळखळ आणि खुळखुळ यात भांड्याचा आकार बदलतो, खणखण आणि खडखड यात वस्तू अखंड आहे की कुठेतरी सैल झालीय ते कळतं. सळसळ, भणभण, घरघर, चुरचुर, ठणठण, धपधप... "पंखा" लिहिलं तर कान काहीच काम करत नाही, "घरघर, मध्येमध्ये टिक" लिहिलं की तो टिक नेमका किती वेळाने येतोय हे तुम्ही आपोआप मोजायला लागता.

मग त्या यादीतल्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. सुरू कसा होतो, एकदम की हळूच? टिकतो का, आणि टिकतो तेव्हा सारखा राहतो की हलतो? संपतो कसा, पटकन तुटतो की विरत जातो? मी माझ्यापुरते यावरून चार गट केलेत, पुस्तकी नाहीत पण काम करताना फार सोयीचे पडतात. ठोका, म्हणजे एकदम सुरू होऊन विरणारा, जसं ग्लासवर चमचा, दाराची कडी, टेबलावर टिचकी. धार, म्हणजे सतत चालू राहणारा, नळ, पंखा, फ्रिजची घुणघुण. दाणे, म्हणजे असंख्य बारीक ठोक्यांचा मिळून झालेला, चुरगळलेला कागद, पत्र्यावरचा पाऊस, मुठीतल्या किल्ल्या. आणि ओढ, म्हणजे ज्यात सूर सरकत जातो, बिजागरीची करकर, फुग्यावर बोट घासणं, भरणारी बादली. (बादली धारही आहे आणि ओढही, म्हणूनच मला ती इतकी आवडते.)

आता निवड. प्रत्येक गटातला एक, एकूण चार आवाज, बस. याच्यावर जाऊ नका अशी कळकळीची विनंती, कारण सुरुवातीला सगळ्यांचं होतं ते हेच, उत्साहात पन्नास-साठ आवाज गोळा होतात, मग ते सगळे वापरलेच पाहिजेत असं वाटतं, आणि शेवटी जे बनतं त्यात ऐकणारा फक्त "हा नळ, हा कुत्रा, ही स्कूटर" असं ओळखत बसतो. माझी पहिली रचना अशीच झाली होती. चारच आवाज असले की तुम्हाला त्यांच्यापाशी थांबावं लागतं, आणि एकाच बादलीतून सात-आठ वेगळे आवाज निघतात हे तेव्हाच कळतं.

या लेखात उदाहरणासाठी मी नळ-बादली, काचेचा ग्लास, दाराची बिजागरी आणि कागद हे चार घेतोय. तुमचे वेगळे असतील तर उत्तमच.

रेकॉर्डिंग

फोन एअरप्लेन मोडवर टाका. हे विसरलात तर सगळ्यात चांगल्या टेकच्या (म्हणजे एका वेळच्या रेकॉर्डिंगच्या) मध्यातच फोन येणार. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेव किंवा लॉसलेस असा पर्याय असेल तर तो निवडा, कारण एमपी३ किंवा तत्सम दाबलेल्या फाईलमधला बारीक तपशील आधीच गेलेला असतो आणि आपण नंतर आवाज ताणणार, हळू करणार, तेव्हा ती उणीव उघडी पडते. सॅम्पल रेट (एका सेकंदात आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ ठेवा, ४४.१ असला तरी काही बिघडत नाही, फक्त सगळीकडे एकच ठेवा. नॉईज रिडक्शन, ऑटो गेन, व्हॉईस एन्हान्स असं जे काही दिसेल ते बंद. या सोयी बोलण्यासाठी केलेल्या आहेत, त्यांना माणसाचा आवाज हवा असतो आणि बाकी सगळं कचरा वाटतो, आणि आपल्याला नेमका तो "कचराच" हवाय. एखादं अ‍ॅप हे बंद करू देत नसेल तर दुसरं शोधा, इथे तडजोड करू नका.

बऱ्याच फोनचा मुख्य माईक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती कडा आवाजाकडे करा आणि हात तिथे येऊ देऊ नका. फोन हातात धरून रेकॉर्ड केलं की बोटांची खसखस हमखास येते, त्यापेक्षा घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा किंवा पुस्तकाला टेकवा.

अंतराबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण नवीन लोकांच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त गडबड इथेच असते. आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, साधारण ६ डेसिबलने खाली येते, पण खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे १० सेंटीमीटरवरून घेतलेला कागदाचा आवाज अगदी कानात चुरचुरतो, आणि तोच दोन मीटरवरून घेतला तर कागद कमी आणि खोली जास्त ऐकू येते. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण रचना करताना लांबचं हवं असेल तर जवळच्याला थोडा रिव्हर्ब, म्हणजे सॉफ्टवेअरमधून घातलेला घुमारा, देऊन लांब नेता येतं, लांबच्याला जवळ आणायचा मात्र उपाय नाही. तेव्हा शंका असेल तर जवळून घ्या, आणि वेळ असेल तर प्रत्येक आवाज दोनदा घ्या, एकदा हातभर अंतरावरून आणि एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून.

लेव्हल: मीटर दिसत असेल तर सगळ्यात मोठा ठोका उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला भिडला की आवाजाचा वरचा भाग सपाट कापला जातो, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि ते नंतर नीट दुरुस्त होत नाही. कमी लेव्हलचा आवाज वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. मीटर नसेल तर आधी सगळ्यात जोरात वाजणारा ठोका मारून बघा, ऐका, चरचरत असेल तर फोन मागे घ्या.

घरातली धार बंद करा, म्हणजे पंखा, फ्रिज, एसी. विजेवर चालणाऱ्या वस्तूंची एक बारीक घूं असते, वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर १०० हर्ट्झच्या आसपास ती जास्त जाणवते, कानाला सवय झालेली असते म्हणून कळत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये बसलेली असते. फ्रिज बंद केलात तर घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, सिनेमाचं साऊंड करणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे, बाहेर पडायच्या आधी किल्ली शोधायला फ्रिज उघडावाच लागतो आणि तो परत चालू करायची आठवण होते.

बाहेर रेकॉर्ड करत असाल तर वारा हा मोठा शत्रू. माईकवर वारा आदळला की भडभड येते आणि ती काढता येत नाही. फोनवर जाड लोकरी मोजा चढवला तरी बराच फरक पडतो, आणि वाऱ्याकडे पाठ करून स्वतः आडोसा व्हा.

आता एक शिस्त लावून घ्या. रेकॉर्ड दाबल्यावर आधी तोंडाने सांगा: "ग्लास, अर्धा भरलेला, पेन्सिलने, जवळून". मग पाच सेकंद शांत. मग आवाज. आणि आवाज संपला असं वाटल्यावर परत दहा सेकंद हलू नका. नादाची शेपटी आपल्याला वाटते त्याहून लांब असते, आणि त्या शेपटीत श्वास सोडल्याचा किंवा पाय सरकल्याचा आवाज आला की ती टेक गेली. शेवटी, सगळं झाल्यावर, त्याच खोलीत काहीही न करता ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. खोलीची स्वतःची शांतता असते, आणि रचनेत दोन आवाजांमध्ये मोकळी जागा सोडाल तिथे ही शांतता अंथरायची, नाहीतर तिथे आवाज एकदम मेल्यासारखा वाटतो.

ग्लासचं थोडं खास सांगतो. ग्लास हातात आवळून धरला तर ठक् वाजतो, कारण बोटं त्याची थरथर खाऊन टाकतात. घडी केलेल्या कापडावर मोकळा ठेवा आणि काठाशी हलकेच मारा, मग तो बोलतो. चमच्याने मारला की टणत्कार, पेन्सिलच्या खोडरबराच्या बाजूने मारला की गोल, मऊ सूर, नखाने मारला की बारीक टिंग. आता रिकाम्या ग्लासपासून सुरू करा आणि दर वेळी दोन बोटं पाणी घालत प्रत्येक पातळीला तीन-तीन ठोके घ्या. इथे गंमत ऐका, पाणी वाढत जातं तसा सूर खाली उतरतो. बादलीत पाणी वाढलं की सूर चढत होता, आणि ग्लासमध्ये पाणी वाढलं की उतरतोय, कारण बादलीत हवा गात होती आणि इथे काच थरथरतेय, पाण्याचं ओझं चढलं की काचेची थरथर मंदावते. एकाच पाण्याने एक सूर वर जातो आणि एक खाली. हे मला जेव्हा पहिल्यांदा शेजारीशेजारी ऐकू आलं तेव्हा माझी अख्खी रचना तिथेच ठरली, पुढे फक्त हात चालवायचे होते.

बिजागरीला घाई नको. दार पटकन उघडलं तर एकच किंकाळी मिळते, एक एक इंच सरकवलं तर कुरकुर, अडखळणं, मध्येच थांबून परत धरलेला सूर, सगळं मिळतं. पाच मिनिटं त्या दाराला द्या. फोनची खालची कडा दाराच्या लाकडाला टेकवून पण एक टेक घ्या, लाकडातून आलेला आवाज हवेतून आलेल्यापेक्षा जाड आणि जवळचा असतो.

आणि हो, कोणाचं बोलणं रेकॉर्डमध्ये आलं तर त्यांना विचारल्याशिवाय वापरू नका, ओळखू येत नसलं तरी. सार्वजनिक जागेतही हे पाळा.

फाईलींना नावं

कंटाळवाणं काम आहे पण त्याच दिवशी करा. लॅपटॉपवर टाकल्यावर प्रत्येक फाईल ऐकून "बादली_थडथड_जवळून_०१", "बिजागरी_कुरकुर_लाकडातून_०३" अशी नावं द्या. आठवड्याने "रेकॉर्डिंग ४७" बघून काहीही आठवत नाही. मूळ फाईलींची एक कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका.

कापणं

प्रत्येक लांब फाईलमधून चांगले तुकडे काढा. चार आवाजांचे मिळून वीस-पंचवीस तुकडे झाले तर भरपूर. कापताना दोन गोष्टी सांभाळा. एक, शेपटी तोडू नका, नाद पूर्ण विरेपर्यंत तुकडा ठेवा. दोन, कापलेल्या जागी लाट मध्येच तुटली तर एक बारीक "टक" येतो, तो घालवायला तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज तिथे शून्यातून चढू द्या आणि शून्यात विरू द्या. ऑडॅसिटीत सिलेक्शन केल्यावर झेड दाबलं की सिलेक्शनच्या कडा लाट शून्यावरून जाते तिथे सरकतात, त्यानेही टक टळतो.

खालची घूं नको असेल तर ८० हर्ट्झच्या आसपास हाय पास फिल्टर (त्याखालचे सूर कमी करणारा) लावा, पण कान लावून, कारण बादलीच्या तळाच्या थडथडीतला जाडपणा तिथेच राहतो आणि तो गेला की बादली पत्र्याच्या डबीसारखी वाटते. नॉईज रिडक्शनचा मोह टाळा. जास्त लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि थोडी खरखर असलेला खरा आवाज त्याच्यापेक्षा कधीही बरा.

आवाज बदलणं

इथे आठवडे घालवता येतील, पण सुरुवातीला फक्त चार गोष्टी करून बघा.

वेग कमी करणं. पिच (सुराची उंची) आणि वेग दोन्ही एकत्र बदलणारा जो इफेक्ट आहे तो घ्या आणि वेग निम्मा करा, सूर एक सप्तक खाली येतो आणि लांबी दुप्पट होते. पाव केला तर दोन सप्तकं खाली, लांबी चौपट. ग्लासचा चार सेकंदांचा टिंग असा सोळा सेकंदांचा होतो, आणि त्याच्या आत एक संथ लाट ऐकू येते, व्वा... व्वा... अशी, जी मूळ वेगात इतकी भराभर होत होती की नुसती चमक वाटत होती. ही लाट तिथे होतीच, आपण फक्त जवळ गेलो. बिजागरी निम्म्या वेगाने लावली तर एखादा मोठा प्राणी कण्हतोय असं वाटतं, हे मी नुसतं सांगून कळणार नाही, करून बघा.

सुरुवात कापणं. तीच शेफर यांची घंटा. पाव वेगाचा ग्लास घ्या, ठोक्याचा पहिला भाग उडवा आणि तिथे एक-दोन सेकंदांचा फेड इन द्या. आता तो ग्लास राहिला नाही, कुठूनतरी उगवणारा एक लांब सूर झाला. माझ्या मते या अख्ख्या लेखात एकच गोष्ट करून बघायची असेल तर ही करा.

उलटं वाजवणं. ठोका उलटा केला की आवाज फुगत फुगत येतो आणि एकदम तुटतो. एखाद्या क्षणाकडे ऐकणाऱ्याला ओढत न्यायला छान, पण अख्ख्या रचनेत एक-दोनदाच, नाहीतर लगेच युक्ती म्हणून ओळखू येतो.

लूप. कागदाच्या चुरचुरीतला दीड सेकंदाचा तुकडा आठ वेळा लावा. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून कानाला त्यात ठेका ऐकू यायला लागतो, सम कुठे आहे तेही कळायला लागतं, खरं तर तुम्ही ठेका घातलेलाच नाही. मात्र हुबेहूब तोच लूप फार वेळ ठेवला की कान ऐकणं सोडून देतो, म्हणून दर काही फेऱ्यांनी त्यातलं काहीतरी किंचित हलवा, एक तुकडा थोडा लांब, एक थोडा हळू.

रिव्हर्बबद्दल एवढंच की सगळ्यांना सारखा लावू नका. एकाला कोरडं, कानाजवळ ठेवा आणि एकाला लांब नेऊन ठेवा, म्हणजे मध्ये जागा तयार होते.

मांडणी

कॉम्प्युटर बंद करा आणि कागद घ्या. आडवी रेघ म्हणजे वेळ, दहा-दहा सेकंदांच्या खुणा करा. त्यावर प्रत्येक आवाज कुठे येतो, कुठे जातो आणि कुठे दाटी होते ते पेन्सिलने काढा. स्क्रीनवर थेट करायला बसलं की मोकळी जागा दिसली की भरावीशी वाटते, कागदावर ती मोकळी जागा मोकळी म्हणून दिसते.

माझी एक मिनिट चाळीस सेकंदांची रचना अशी होती. सुरुवातीचे पाच सेकंद नुसती खोलीची शांतता, मग रिकाम्या ग्लासचा एकच ठोका, स्वच्छ, काही न बदललेला, म्हणजे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की हा साधा ग्लास आहे. तो विरत असताना मागे, अगदी हळू, बादली भरायला सुरुवात. १५ व्या सेकंदाला उजव्या कानात कागद, थोडासाच. ४० व्या सेकंदापर्यंत हे असंच, घाई नाही. तिथून ग्लासचे ठोके परत, प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा थोडा खालचा, एकूण सात, आणि बादलीचा सूर तोपर्यंत वर चढत आलेला. साधारण १ मिनिट ५ सेकंदांना चढणारा आणि उतरणारा एकमेकांना ओलांडतात. आणि १:१० ला नळ बंद. बादलीला लागला तो खरा वेळ यापेक्षा बराच जास्त होता, त्यामुळे मी मधले तुकडे काढून लांब क्रॉसफेडने (एक तुकडा विरत असतानाच दुसरा वर आणून) जोडले, चढ मात्र तुटू दिला नाही.

नळ बंद झाल्यावर बिजागरी, निम्म्या वेगाने, एकटी, आणि तिच्याखाली तो सुरुवात कापलेला ग्लास उगवत येतो. शेवटचे दहा सेकंद टप... टप... आणि शांतता.

पहिल्यांदा मी बिजागरी त्या ओलांडण्याच्या जागीच टाकली होती, मला वाटलं सगळं एकत्र आलं की जोर येईल. झालं उलटंच, तो चढ-उतार कुणाला ऐकूच येईना, बिजागरी सगळं लक्ष ओढून घेत होती. तिला पंधरा सेकंद पुढे ढकललं आणि दोन्ही वाचले. तेव्हापासून एका वेळी तीनपेक्षा जास्त आवाज मी ठेवत नाही, आणि त्या तिघांत एकच पुढे, बाकीचे मागे. दोन आवाज भांडतायत असं वाटलं तर व्हॉल्यूमशी खेळण्याआधी एकाला जरा उशिरा आणून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं.

शांतता ही पण मांडायचीच गोष्ट आहे. दोन-अडीच सेकंद काहीच नाही, हे करताना भीती वाटते, पण नळ बंद झाल्यानंतरची ती जागा काढून बघा आणि मग परत घालून बघा, फरक स्वतःच कळेल.

शेवटचा हात

लेव्हल कानाने ठरवा. आधी जो आवाज पुढे हवाय तो लावा, मग बाकीचे शून्यातून हळूहळू वर आणा आणि ऐकू यायला लागले की थांबा. डावं-उजवं थोडं पसरवा पण जाड, खालचे आवाज मध्येच ठेवा. हेडफोनवर झालं की फोनच्या स्पीकरवर ऐका, तिथे खालचे सूर जवळपास गायबच होतात, तेव्हा पाव वेगाचा ग्लास ऐकूच येत नसेल तर त्याच्यावर तोच ग्लास निम्म्या वेगाने, अगदी हळू, चढवा, म्हणजे छोट्या स्पीकरवरही त्याची चाहूल लागते.

मग एक दिवस सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्क्रीनकडे न बघता, एकदाच सलग ऐका आणि जिथे लक्ष उडालं ती वेळ लिहून ठेवा. लाटा बघत ऐकलं की डोळे कानाला फसवतात, पुढे काय येणारे ते आधीच दिसत असतं. जिथे लक्ष उडालं तिथे बहुतेक वेळा काहीतरी काढायचंच असतं.

एक्स्पोर्ट करताना सगळ्यात मोठा ठोका उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, आणि त्या मर्यादेपर्यंत आणण्यासाठी सगळं दाबून एकसारखं मोठं करू नका, नाहीतर शांततेतला आणि दाटीतला फरक जाईल. एक २४ बिटची वेव ठेवणीत, आणि पाठवायला एक एमपी३, ३२० केबीपीएसची. प्रोजेक्ट फाईल पण जपा.

आता एखाद्या जवळच्या माणसाला ऐकवा. कशापासून केलंय ते आधी सांगू नका, हेडफोन द्या आणि गप्प बसा. ऐकून झाल्यावर "तुला काय दिसलं?" एवढंच विचारा. मी माझी रचना पहिल्यांदा ऐकवली ती माझ्या बहिणीला, तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "कुणीतरी खाली उतरत होतं आणि पाणी वर येत होतं." नंतर ती उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बादलीपाशी उभी राहिली, भरेपर्यंत.